जास्तीचं जंगल

पिटेटोल्याचं जंगल शेवटी कापलं गेलं. मुळापासून, मोहासकट.

वरचं वाक्य वाचलं असेल तर विसरून जा. सरकारी नोंदीप्रमाणे पिटेटोल्यात जंगल नव्हतंच, आणि जे नाही ते कापता येत नाही. म्हणजे ते कापलं गेलेलं नाही. कुणी करवतीचा आवाज ऐकला असेल, तर त्याने कान दाखवून घ्यावेत. आता सुरुवात करू.

दसरी हिचामी ही पिटेटोल्यातली पहिली मुलगी, जी जंगल शिकायला जंगल सोडून शहरात गेली. यात तिला काही वावगं वाटलं नाही. शहरातल्या विद्यापीठात वनशास्त्राचा विभाग होता, तो चार मजली होता, आणि त्याच्या आवारात एक अशोकाचं झाडसुद्धा होतं. तिची आत्या जैनी, म्हणजे गावच्या ग्रामसभेची अध्यक्ष, तिला बसमध्ये बसवताना म्हणाली, "शिकून ये. पण परत येऊन मले झाडायची नावं सांगत बसू नको. ती माह्या वळखीची आहेत."

आणि जाताना तिने नाल्याकाठचा एक मोह दसरीच्या नावे केला. पिटेटोल्यात जंगल सगळ्यांचं, पण मोह घराघरात वाटलेले. कुठला मोह कुणाचा हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कुणी विसरतही नव्हतं. फुलं पडायला लागायच्या आधी प्रत्येकाने आपापल्या मोहाखालचा पाचोळा झाडून जमीन ताटासारखी स्वच्छ करायची, आणि मग पहाटे पडलेली फुलं वेचायची. दुसऱ्याच्या मोहाखालचं एक फूलदेखील कुणी उचलत नसे. दसरीच्या मोहावर कधीतरी वीज पडली होती. एक फांदी काळी, बाकी झाड धडधाकट. "तुह्यासारखंच आहे," आत्या म्हणाली, "थोडं जळकं."

एवढ्या शिदोरीवर दसरीने पुढे नाक बनवलं.

त्याचं असं आहे. झाडं गप्प उभी दिसतात, पण त्यांची पानं सारखी काहीतरी हवेत सोडत असतात. ऊन चढलं की आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. संत्र्याच्या सालीला, कापराला, राळेला ज्यांच्यामुळे वास येतो ती टर्पिन नावाची द्रव्यं सोडतात. प्रत्येक जातीचं मिश्रण निराळं. निलगिरीच्या मळ्यावरची हवा होस्टेलच्या डाळीसारखी, रोज तीच. खऱ्या मिश्र जंगलावरची हवा मात्र लग्नघरच्या स्वयंपाकासारखी, पन्नास वास एकमेकांत घुसलेले. उपग्रहाला हा फरक कळत नाही. वरून हिरवं दिसलं की तो खूश. ऊस हिरवा, गोल्फचं मैदान हिरवं, आणि एका खाणवाल्याने तर खड्ड्यावर हिरवी ताडपत्री पसरून वनसंवर्धनाचा पुरस्कार घेतला होता.

दसरीचं यंत्र बुटाच्या खोक्याएवढं होतं. आत धातूंच्या ऑक्साइडच्या छोट्या चकत्या. प्रत्येक चकतीला वेगळा वास झोंबायचा, आणि कुणाला किती झोंबलं यावरून एक संगणक-प्रणाली ओळखायची की खाली काय आहे. तिला लहान मुलासारखं शिकवावं लागे. हे जंगल, हे शेत, हा कचरा डेपो, ही दारूची आसवनी. शेवटी आकडा यायचा. शंभर म्हणजे प्रमाण जंगल. दहा म्हणजे मैदान. यंत्राचं नाव ठेवलं 'वनघ्राण'.

फक्त शिकवायला जंगलातली हवा लागते, आणि हवा आणायला अनुदान. अनुदान यायचं ऑगस्टमध्ये. डिसेंबर उजाडला की सत्र परीक्षा, आणि त्यानंतर यंत्र विभागाच्या भांडारात जमा, कारण आर्थिक वर्ष संपायच्या आत सगळ्या सामानाची मोजदाद व्हावी लागे. दरवर्षी हेच. त्यामुळे वनघ्राणाला जगात दोनच ऋतू ठाऊक होते, पावसाळा आणि दिवाळी.

दसरी स्वतः दर मार्चला गावी जायची, बोडक्या सागांखालून चालायची, आपल्या मोहाखाली बसून फुलं वेचायची, आणि परत येऊन ऑगस्टच्या हवेवर प्रबंध लिहायची. एकदा तिने विषय काढला होता. तिचे मार्गदर्शक डॉ. खांडवे सर म्हणजे सज्जन माणूस. नाही म्हणायला त्यांना जमत नसे, म्हणून ते 'बघू' म्हणत.

"सर, मार्च-एप्रिलची हवापण घ्यायला हवी. पानं नसतात तेव्हा."

"उन्हाळ्यात मेस बंद असते, दसरी."

"जंगल चालू असतं, सर."

"बघू," सर म्हणाले.

मग अध्यादेश आला. देशात पाणी कमी, वाळू कमी, तांबं कमी, जमीन तर फारच कमी. मुबलक म्हणाल तर समित्या. त्यातल्या एकीने संसाधन टंचाई निवारण अध्यादेश लिहिला. प्रत्येक गुंठ्याचा वापर मोजायचा, जे जंगल म्हणवतं त्याने जंगल असल्याचं सिद्ध करायचं, आणि सिद्ध झालं नाही तर ती जमीन गरजूंना द्यायची. मोजायचं कशाने? तर विद्यार्थ्यांच्या स्वदेशी संशोधनातून साकारलेल्या वनघ्राणाने. दसरीचा फोटो वर्तमानपत्रात आला. आत्याने तो घराच्या बांबूच्या जाळीच्या दाराला चिकटवला, उलट्या बाजूला सिमेंटची जाहिरात होती ती आतून दिसायची.

मोजणीचं उद्दिष्ट वर्षभराचं होतं. म्हणून ती मार्चमध्ये सुरू झाली.

पिटेटोल्यात भूवापर अधिकारी नंदुरकर आले तेव्हा दसरीही तिथेच होती, मोहाखाली झाडू घेऊन. जीपच्या टपावर तिचं नाक बसवलेलं. तिला अभिमान वाटला, साधारण नाल्यापासून जीपपर्यंत चालत जाईस्तोवर.

"अकरा," नंदुरकर पडद्यावर बघून म्हणाले.

"एकशे अकरा?"

"नुसते अकरा. आणि भूवापर दाखवतंय, उद्योग. आसवनी."

आजूबाजूला मोहाची फुलं टपटप पडत होती. टोपल्यांत वेचलेली फुलं उन्हात गोडसर आंबायला लागली होती. सागाला पान नव्हतं. दसरीच्या डोळ्यांसमोर तिचा सगळा प्रबंध उभा राहिला आणि खाली बसला. नाकाला पान नसलेलं झाड माहीतच नव्हतं. आंबूस वास मात्र माहीत होता. तो तिने स्वतः एका दारूच्या कारखान्यामागे उभं राहून शिकवला होता.

"साहेब, हा मोहाचा वास आहे. पानगळ आहे. ऑगस्टमध्ये या, शंभरावर जाईल."

"ऑगस्टमध्ये पुढचं वर्ष लागतं," नंदुरकर म्हणाले. त्यांनी मोहाखालच्या जमिनीकडे बघितलं. "आणि हे खाली झाडून काय ठेवलंय? जंगलात कुणी झाडू मारतं का?"

"मंग काय तुमच्या हापिसात मारू?" जैनीआत्या मागून म्हणाली. "तिथं जास्त गरज दिसते."

नंदुरकरांनी हसून निरोप घेतला. चांगल्या स्वभावाचे होते. पुढच्या आठवड्यात ग्रामसभेला नोटिसा आल्या. एक, आपली जमीन वनेतर ठरत असून तिचं वाटप का करू नये. दुसरी, विनापरवाना आसवनी का चालवता.

दसरी तडक विद्यापीठात गेली. खांडवे सर नकाशा पसरून बसले होते.

"सर, नाक चुकलंय. परत बोलवा सगळी यंत्रं."

"नाक कसं चुकेल? अचूकता सत्त्याण्णव टक्के. तुझाच प्रबंध सांगतो."

"पावसाळ्यात सत्त्याण्णव."

"प्रबंधात 'पावसाळा' हा शब्द दाखव."

तो नव्हता. तिने 'क्षेत्रकार्याचा हंगाम' असं लिहिलं होतं, कारण ते भारदस्त वाटत होतं.

"मग मी दुरुस्ती छापते. माझ्या नावाने."

"छाप ना. समीक्षेला वर्ष लागेल." सरांनी नकाशा तिच्याकडे वळवला. "त्यापेक्षा हे बघ. आपल्याला संकुल मंजूर झालंय. वने, भूवापर आणि संसाधन टंचाई विद्यार्थी संशोधन संकुल. वसतिगृह, प्रयोगशाळा, सभागृह. उन्हाळ्यातसुद्धा मेस चालू. तुझीच मागणी होती. फक्त मोठी वनेतर जमीन लागते."

दसरीने नकाशा बघितला. नाला ओळखीचा होता.

"पहिली सहायक प्राध्यापक तू," सर आपुलकीने म्हणाले. "स्वतःच्या गावात नोकरी. लोकांची बदलीच्या अर्जांत हयात जाते."

"सर, तुम्ही जंगल कापून जंगलाचं कॉलेज बांधणार?"

"वनेतर जमिनीवर," सर म्हणाले. "शब्द जपून वापरावेत, दसरी. संशोधक आहेस."

तिच्या मनात आलं ते छापण्यासारखं नव्हतं. उठताना तिने सरांच्या टेबलावरची कुंडी उचलली आणि खिडकीबाहेर सोडली. कुंडीतलं रोप प्लास्टिकचं निघालं, त्याला काही झालं नाही.

अध्यादेशात एका फेरमोजणीची सोय होती. ग्रामसभा बसली. दसरीने सगळ्यांना नाकाचं शास्त्र समजावलं. आत्याने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"म्हंजे त्या नाकाडाले नुसता वास पायजे?"

"हो."

"झाड नाई दिसलं तरी चालते?"

"त्याला दिसत नाहीच."

"आन् कोणता वास, हे तुले माहीत आहे."

"मीच शिकवलाय, आत्या."

"मंग बसली काहून?"

"ही फसवणूक आहे."

"कोणाची? खोक्याची?"

"विज्ञानाची."

"तुह्या विज्ञानानं माह्या गावाले दारूची भट्टी ठरवलं," आत्या म्हणाली. "त्याचा मान ठेवून मी आतापावेतो त्याले शिवी दिली नाई. आता ऊठ."

दसरी उठली, आणि आयुष्यातला सगळ्यात अचूक प्रयोग तिने त्या आठवड्यात केला. नागपूरकडच्या रस कारखान्यातून संत्र्याच्या सालींच्या गोण्या आल्या, त्यात लिमोनीन नावाचं टर्पिन. बाजारातून निलगिरीचं तेल आणि कापूर. राहिलं आयसोप्रीन, ते दुकानात मिळत नाही. पण नैसर्गिक रबर म्हणजे आयसोप्रीनचीच लांबलचक माळ. मंद आचेवर तापवलं की मणी सुटतात. गावाने ट्रॅक्टरचे जुने टायर गोळा केले, तुकडे केले, आणि मडक्यांत घालून झाडाझाडाखाली धुमसत ठेवले. मोहाची फुलं झाकून दूर नेली. खरंखुरं जंगल आपण जंगल आहोत हे पटवायला टायरच्या धुरात खोकत उभं होतं. माकडं गाव सोडून गेली.

जीप आली. नाकाने हुंगलं. नंदुरकरांनी पडदा पुसून पुन्हा बघितला.

"एकशे चौसष्ट."

गावात टाळ्या वाजल्या. दसरीने नाही वाजवल्या. शंभर पुरले असते. मिश्रण नेमकं किती पातळ करायचं हे तिला माहीत होतं, पण राग आला की माणूस मीठ जास्त टाकतो.

"अभिनंदन," नंदुरकर म्हणाले, आणि जीपमधून अध्यादेशाची प्रत काढली. "आता प्रमाण जंगल शंभर. तुमच्याकडे चौसष्ट जास्तीचं. देशात टंचाई असताना कुणी जास्तीचं जंगल बाळगायचं नाही. ते टंचाईग्रस्त जिल्ह्याच्या खात्यावर स्थलांतरित होईल."

"जंगल कसं स्थलांतरित होईल?"

"खात्यावर होईल. इथलं कापून."

टाळ्या थांबल्या. एक मडकं तडकल्याचा आवाज आला.

दसरी पुढे झाली. "साहेब, वास खोटा आहे. आम्ही टायर जाळलेत. ते बघा मडकं."

"मग खरा आकडा?"

"नाकाचा विचाराल तर अकरा."

"मग जंगल नाही."

"जंगल तुमच्या मागे उभं आहे."

नंदुरकर वळले. त्यांनी साग बघितले, बिबा, तेंदू, ऐन बघितले, मोह बघितले, मान वर करकरून बघितले. मग पुन्हा दसरीकडे वळले.

"ते मला दिसतंय हो," ते हळू आवाजात म्हणाले. "पण मी बघायला आलेलो नाही. मोजायला आलोय." त्यांनी लेखणी उघडली. "फेरमोजणीच्या कागदावर ग्रामसभेच्या तज्ज्ञ म्हणून तुम्ही सही करणार आहात, तर तुम्हीच सांगा. अकरा लिहू की एकशे चौसष्ट? अकरा लिहिलं तर सगळं जाईल. एकशे चौसष्ट लिहिलं तर शंभर भाग राहतील."

दसरीने आत्याकडे बघितलं. आत्या नाल्याकडच्या मोहांकडे बघत होती.

"शंभर तर राहीन," आत्या अखेर म्हणाली. "नाल्याकडचं ठेवा म्हणावं."

दसरीने सही केली. आपण बनवलेल्या यंत्राच्या खोट्या आकड्याखाली, खरी सही.

डोंगराकडचा भाग पावसाआधी गेला. त्याला तोड म्हटलं गेलं नाही, स्थलांतर म्हटलं गेलं, आणि चारशे किलोमीटरवरच्या एका जिल्ह्याच्या नोंदीत तेवढं घनदाट जंगल दाखल झालं, एका मॉलच्या आणि उड्डाणपुलाच्या मधोमध. तिथल्या लोकांना अजून ते सापडलेलं नाही. ओंडके कुठे गेले हे विचारलं तेव्हा उत्तर आलं की ओंडके ही बाब अध्यादेशात नाही.

ऑगस्टमध्ये दसरीने स्वतःच्या खर्चाने यंत्र आणून उरलेलं जंगल हुंगलं. एकशे सात. तिने अहवाल पाठवला. उत्तर आलं की खासगी व्यक्तीने वनघ्राण वापरणं बेकायदा आहे, मग ती व्यक्ती त्याची जननी का असेना. शासकीय मोजणी मार्चमध्ये होईल.

मार्चमध्ये झाली. या वेळी टायर जाळायचे नव्हते, कारण मागच्या वेळचा धूर बघून प्रदूषणवाल्यांनी गावाला तिसरी नोटीस दिली होती. नाकाने हुंगलं. नऊ. उद्योग, आसवनी. झाडं तोडायच्या यंत्रांचा ताफा नाल्याकडून आत शिरला. झाडाझाडाला मिठी मारून बसलेल्या बायांना पोलिसांनी उचललं, तेव्हा पंचनाम्यात लिहिलं, 'मोकळ्या मैदानावर बेकायदा जमाव'. जैनीआत्या मोकळ्या मैदानाला दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. तिचे हात सोडवायला तिघं लागले.

दसरीचा मोह दुपारी पडला. फुलांसकट. काळी फांदी सगळ्यात शेवटी तुटली.

पुढल्या वर्षी मार्चमध्येच संकुलाचं उद्घाटन झालं. दारात दोन्हीकडे कुंड्या, कुंड्यांतून अरेका पाम, आणि प्रत्येक खांबावर दर काही मिनिटांनी फुस्स करणारं सुगंधाचं यंत्र, लिंबाच्या वासाचं. कमानीवरच्या वनघ्राणाने आकडा दाखवला, एकशे बारा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कायद्याने ते आता जिल्ह्यातलं सर्वात दाट जंगल होतं.

खांडवे सर भाषण करून खाली आले आणि दसरीच्या हातात नेमणुकीचं पाकीट दिलं.

"तुझी खोली पहिल्या मजल्यावर. खिडकीतून नाला दिसतो."

"इथे काय शिकवायचं, सर?"

"जंगल."

"कुठलं?"

सरांनी तोंड उघडलं. "बघू," ते म्हणाले.

दसरीने न उघडता पाकीट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवलं, व्यवस्थित, दोनदा थोपटून. "सर, इतक्या वर्षांत तुम्ही मला एकच गोष्ट शिकवलीत, 'बघू'. आणि बघितलं मात्र एकदाही नाहीत."

बाहेर पार्किंगमध्ये गडबड ऐकू आली म्हणून ती गेली. दोन गाड्यांच्या मधे जैनीआत्या खराट्याने फरशी झाडत होती. शेजारी रिकामी टोपली. सुरक्षारक्षक तिची समजूत घालत होता.

"मावशी, इथं झाडायला माणूस नेमलाय."

"त्याले काय माहीत कुठं झाडायचं? मी मोहाखाली झाडून राह्यली."

"मोह कुठाय इथं?"

"तेच तर मले तुह्या साहेबाले विचारायचं आहे. त्यानं लिवून देलं, एक झाड कापलं नाई म्हणून." आत्याने कमरेचा कागद काढून दसरीपुढे धरला. माहितीच्या अधिकारात मागवलेलं उत्तर होतं. "नाई कापलं, तर असन ना इथंच कुठंतरी. मले म्हातारीले दिसत नसन. पोरी, तू शिकलेली. लिव एक अर्ज. मोठ्या शब्दायचा. नाकाले झोंबला पायजे."

दसरी तिथेच एका गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला बसली. गाडी नंदुरकरांची होती. ते आले, तिच्या खांद्यावरून कागद वाचला, आणि तिने न मागता स्वतःची लेखणी देऊन निघून गेले.

प्रति,
मा. भूवापर अधिकारी यांस,

विषय : न कापलेल्या जंगलाचा ताबा मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, आपल्या कार्यालयाच्या लेखी उत्तरानुसार मौजा पिटेटोला येथे एकाही वृक्षाची तोड झालेली नाही. ज्याअर्थी वृक्ष तोडलेले नाहीत, त्याअर्थी ते जागेवर उभे आहेत. तथापि ग्रामसभेच्या सदस्यांस ते दिसून येत नाहीत. हा दोष आमच्या दृष्टीचा असू शकतो, कार्यालयाच्या नोंदीचा असू शकत नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

सबब, आपण समक्ष जागेवर उपस्थित राहून, नाल्याकाठचा, एक फांदी विजेने जळालेला मोहवृक्ष बोट ठेवून दाखवावा, आणि फुले पडण्यास सुरुवात होण्यापूर्वी, त्याखालची जमीन झाडून घेण्यास पुरेसा अवधी राहील अशा बेताने तो आमच्या ताब्यात द्यावा, ही नम्र विनंती.